त्रेसष्ट वेळा अर्धी केलेली पृथ्वी

२ मे २०००. भारतात सकाळचे साडेनऊ वाजले होते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १ मे संपून मध्यरात्र झाली होती. त्या वेळी जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली एक चूक काढून टाकण्यात आली. आकाशात काही दिसलं नाही, जमिनीवर काही ऐकू आलं नाही. पण जगात ज्याच्या ज्याच्या हातात जीपीएस रिसीव्हर होता, त्याचं यंत्र एकाएकी खरं बोलू लागलं. आदल्या दिवशी १०० मीटरपर्यंत चुकणारं यंत्र आता १० मीटरच्या आसपास बोट ठेवत होतं.

ही यंत्रणा मुळात अमेरिकी लष्कराची. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की यंत्रणा तयार झाल्यावर ती सामान्य नागरिकांनाही वापरता येईल. तशी ती खुली झाली खरी, पण शत्रूच्या हाती नेमकेपणा लागू नये म्हणून नागरी सिग्नल जाणूनबुजून बिघडवलेला असायचा. तो बिघाड बंद करण्याचा आदेश अध्यक्ष क्लिंटन यांनी दिला.

दहापट अचूकता म्हणजे नेमकं किती, हे जमिनीच्या भाषेत सांगायला हवं. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर रान. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जेमतेम तीन गुंठे. अंतर दहापटीने कमी झालं की क्षेत्र शंभरपटीने कमी होतं. पावणेआठ एकर झाडीत लपवलेला डबा शोधायला माणूस जाणार नाही. तीन गुंठ्यांत शोधायला हौसेने जाईल. एका छंदाचा जन्म या दोन आकड्यांच्या मधे झाला.

आणि तो झाला दुसऱ्याच दिवशी. ३ मे २००० ला डेव्ह अल्मर या अमेरिकी संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा आणि एक नोंदवही. मग त्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या उपग्रह-दिशादर्शनाच्या चर्चागटावर टाकून दिले. अट एकच: बादलीतलं काही न्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोन अनोळखी माणसं केवळ त्या आकड्यांच्या आधाराने तिथे पोचली. माइक टीग हा पहिला. महिना संपायच्या आत, ३० मेला, मॅट स्टम यांनी या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं. २ सप्टेंबर २००० ला जेरेमी आयरिश यांनी त्याचं संकेतस्थळ उघडलं, तेव्हा जगभरात मिळून डबे होते ७५.

आज ते तीस लाखांहून अधिक आहेत, १९० हून जास्त देशांत, सातही खंडांवर. पंचाहत्तराचे चाळीस हजार पट. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर आपल्या टपाल खात्याकडे बघावं. भारताचं टपालजाळं जगात सर्वात मोठं, सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसांचं. ते उभं राहायला दीड शतकाहून जास्त काळ लागला. हौशी माणसांनी लपवलेले डबे त्याच्या अठरापट आहेत. यातला बहुतेक प्रत्येक डबा कुणीतरी स्वतःच्या खर्चाने विकत घेतला, स्वतः चालत जाऊन लपवला, आणि पाणी शिरलं की तोच माणूस पुन्हा जाऊन कागद बदलतो.

अशा लपवाछपवीला पूर्वज आहेत. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने दुर्गम क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली आणि पोचणाऱ्यांनी तिच्यात आपलं कार्ड टाकावं असा रिवाज पडला. पण तिथे वाट माहीत असलेला माणूस लागायचा. जिओकॅशिंगमध्ये वाट कुणालाच माहीत नसते. फक्त आकडे असतात.

डबे सगळ्या आकारांचे. लष्कराच्या काडतुसांची लोखंडी पेटी असते, जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा असतो, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी असते, आणि सर्वात लहान ती नॅनो. जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाची, तळाला चुंबक लावलेली धातूची डबी. आत सुरळी केलेली कागदाची पट्टी, तिच्यावर तारीख आणि टोपणनाव लिहायचं. शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड, याचे १ ते ५ असे वेगवेगळे गुण, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. म्हणजे अवघडपणाचे ८१ प्रकार. सगळ्यांत आधी शोधणाऱ्याला ‘फर्स्ट टू फाइंड’चा मान. खेळाबाहेरच्या माणसाला हे लोक ‘मगल’ म्हणतात, हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून उचललेला शब्द. मगल बघत असताना डबी काढायची नाही, हा शिष्टाचार.

आता त्या नॅनोचाच हिशोब करू.

पृथ्वीचा एकूण पृष्ठभाग, समुद्र धरून, ५१ कोटी चौरस किलोमीटर. एक सेंटिमीटर व्यासाची डबी त्यातला पाऊण चौरस सेंटिमीटरच्या किंचित वर भाग व्यापते. भागाकार केला तर उत्तर येतं सुमारे ६५ वर १७ शून्यं. लाख-कोटीच्या भाषेत हा आकडा तोंडात मावत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दहा-दहा पटींनी चढत जाणाऱ्या संख्यांची नावं दिली आहेत, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व असं करत ती यादी १ वर १७ शून्यांपाशी, परार्धापाशी, संपते. आपली डबी म्हणजे ६५ परार्धांतली एक जागा. आडनाव, गाव, खूण, रस्ता काही न सांगता, पृथ्वीवरच्या ६५ परार्ध जागांपैकी एका जागेवर अनोळखी माणसाचं बोट टेकवायचं आहे.

हे अशक्य वाटतं, म्हणून दुसऱ्या बाजूने मोजून बघू. पृथ्वी अर्धी करा. डबी ज्या अर्ध्यात आहे तो ठेवा, दुसरा सोडून द्या. उरलेला पुन्हा अर्धा करा. असं किती वेळा केलं म्हणजे हातात डबीपेक्षा लहान तुकडा उरेल? फक्त ६३ वेळा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवून पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पहिल्या घरापासून चौसष्टाव्या घरापर्यंत दुपटी होतात त्याही ६३. त्या गोष्टीत राजाची कोठारं रिकामी झाली. इथे तोच पट उलटा चालत गेलं की सगळे महासागर, सगळे डोंगर, सगळी शहरं गळून पडतात आणि तळहातावर एक चुंबकाची डबी उरते.

या ६३ पायऱ्या दोघांत वाटलेल्या आहेत. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आज साधारण पाच मीटरपर्यंत नेमका असतो. पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर, पाऊण गुंठा. पृथ्वीच्या पृष्ठभागात अशी साडेसहा लाख कोटी वर्तुळं मावतील. त्यातलं एक निवडायला ४३ वेळा अर्धं करावं लागतं. ते काम उपग्रहांचं. मग त्या पाऊण गुंठ्यातली एक सेंटिमीटरची जागा. पाच मीटर आणि अर्धा सेंटिमीटर, त्रिज्यांत हजारपट फरक, म्हणून क्षेत्रात बरोबर दहा लाखपट. त्यासाठी आणखी २० वेळा अर्धं. ते काम माणसाचं, आणि त्यात उपग्रहाची काडीची मदत नाही.

आधी उपग्रहांच्या ४३ पायऱ्या बघू, कारण त्या आपण रोज वापरतो आणि त्यांच्यामागे केवढं काय उभं आहे याचा विचार करायला सवडच होत नाही. रिक्षा बोलावली, जेवण मागवलं, कुणाला ‘लोकेशन’ पाठवलं, की हा सगळा डोलारा आपल्यासाठी एकदा हलतो.

अमेरिकेचे तीसेक उपग्रह, प्रत्येकाचा वेग सेकंदाला ३.९ किलोमीटर, पृथ्वीभोवती एक फेरी ११ तास ५८ मिनिटांत. उपग्रह तुम्हाला शोधत नाही. तुम्ही आहात हेही त्याला माहीत नसतं. तो फक्त सतत सांगत राहतो: मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. ऐकणारा एक असो की अब्जावधी असोत, त्याच्यावर भार पडत नाही. तुमचा रिसीव्हर त्या वेळेची आपल्या घड्याळाशी तुलना करून सिग्नलला यायला किती वेळ लागला ते काढतो, आणि वेळेवरून अंतर. निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. तीन पुरले असते, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक शोधायला चौथा लागतो.

डोक्यावरच्या उपग्रहापासून सिग्नल खाली यायला ६७ मिलिसेकंद लागतात, पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. तेवढ्यात उपग्रह २६० मीटर पुढे गेलेला असतो. आणि पुण्यात उभा असलेला माणूस जागचा न हलता पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ३० मीटर पूर्वेला सरकलेला असतो. रिसीव्हरला दोन्ही हिशोबात धरावे लागतात. दुसरा विसरला तर डबी एखाद्या भलत्याच वाड्याच्या अंगणात शोधावी लागेल.

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, ३० सेंटिमीटर जातो. म्हणून तीन मीटरची अचूकता हवी तर घड्याळ दहा अब्जांश सेकंदाइतकंही चुकून चालत नाही. यासाठी उपग्रहांत आण्विक घड्याळं असतात. सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना एक सेकंद म्हणायचं, असं जगाने १९६७ मध्ये ठरवलं. त्या जातीची ही घड्याळं. आणि तरीही ती पृथ्वीवरच्या घड्याळांशी जुळत नाहीत. यात घड्याळांचा दोष नाही, विश्वाचा नियमच तसा आहे. उपग्रह वेगाने जातो म्हणून आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेनुसार त्याचं घड्याळ रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. वर गुरुत्वाकर्षण क्षीण असतं म्हणून सामान्य सापेक्षतेनुसार ते रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वजाबाकी ३८ मायक्रोसेकंद. दिवसाला सेकंदाचे ३८ दशलक्षांश, ऐकायला काहीच नाही. पण प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहापर्यंतच्या अंतरात रोज ११ किलोमीटरची चूक साचत जाते. ती होऊ नये म्हणून उपग्रहाच्या घड्याळाचे ठोके उड्डाणाआधीच मंद करून ठेवतात: सेकंदाला १,०२,३०,००० ऐवजी १,०२,२९,९९९.९९५४३. वर गेलं की विश्वच उरलेली कसर भरून काढतं. मानवी बुद्धीने केलेल्या कामांत मला यापेक्षा सुंदर दुरुस्ती माहीत नाही. आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये कागदावर मांडलेला सिद्धांत बरोबर नसता, तर आज घरपोच येणारं जेवण शेजारच्या गावात गेलं असतं.

सिग्नलच्या ताकदीचा आकडा तर याहूनही विलक्षण आहे. उपग्रहावरून निघताना तो घरातल्या एखाद्या दिव्याइतक्या, काही दशक वॉटच्या शक्तीने निघतो. जमिनीवर पोचेपर्यंत रिसीव्हरच्या वाट्याला येतं ते एका वॉटला १ वर १६ शून्यं इतक्याने भागून उरलेलं. हवेत नेहमीच असणाऱ्या विद्युत गोंगाटापेक्षाही हे सुमारे शंभरपट क्षीण. मग ऐकू कसं येतं? रिसीव्हरला काय ऐकायचं आहे ते आधीच ठाऊक असतं. प्रत्येक उपग्रहाची १,०२३ चिन्हांची स्वतःची माळ ठरलेली आहे आणि ती सेकंदाला हजार वेळा फिरते. रिसीव्हर ती माळ मनाशी धरून गोंगाटावर सरकवत राहतो, आणि जिथे ती नेमकी जुळते तिथे सिग्नल वर येतो. काय शोधायचं ते पक्कं माहीत असेल तर शंभरपट गोंगाटाखालचंही सापडतं. डबी शोधणारे हेच करतात, त्याच्याकडे येऊच.

इथे मला एका माणसाची आठवण होते, आणि त्याची समाधी आपल्या महाराष्ट्रात आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. पहिली पायारेषा बारा किलोमीटरची. शंभर फुटी पोलादी साखळी जमिनीवर पुनःपुन्हा अंथरून, सुमारे चारशे मापं घेऊन, ती मोजायला ५७ दिवस लागले. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो माणसांनी डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटरची ती रेषा पुरी व्हायला चार दशकं लागली. लॅम्ब्टन यांना तिचा शेवट दिसला नाही. जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या घरात, काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला ते गेले, आणि तिथेच त्यांना पुरलं. बारा किलोमीटरसाठी ५७ दिवस, आणि आज वीस हजार किलोमीटरसाठी ६७ मिलिसेकंद. पण दोन्ही मोजण्यांचा गाभा एकच आहे: काही पक्क्या जागांपासूनची मापं घ्या, त्यावरून आपली जागा काढा. लॅम्ब्टन यांच्या पक्क्या जागा टेकड्यांवर होत्या, आपल्या आकाशात पळतात.

या सगळ्यातून हाती येतात फक्त १५ अंक. अक्षांशाचे सात, रेखांशाचे आठ, आणि उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम सांगणारी दोन अक्षरं. जिओकॅशिंगमध्ये अंश, मिनिटं आणि मिनिटाचे हजारांश अशी लिहिण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीत पृथ्वीवर २३३ लाख कोटी वेगळे पत्ते लिहिता येतात, माणशी सुमारे २९ हजार. अक्षांशाचा शेवटचा अंक एकाने बदलला की माणूस १.८५ मीटर सरकतो, चार पावलंही नाहीत. फोनवर तोंडी सांगता येईल एवढ्या मजकुरात हे बसतं.

आपल्याकडे पत्त्याला आकडा देण्याचं मोठं काम श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केलं. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्यांची सहा अंकी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. देशात साधारण १९ हजार पिनकोड आहेत. क्षेत्रफळ वाटून दिलं तर एका पिनकोडला सरासरी १७० चौरस किलोमीटर येतात. पुढचं काम पोस्टमनच्या ओळखीने व्हायचं. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा चिन्हांचा संकेत, प्रत्येक चिन्ह सोळांपैकी एक, म्हणजे एकेक चिन्ह जमिनीला चार वेळा अर्धं करतं. दहा चिन्हांत चाळीस वेळा अर्धा होऊन भारताच्या नकाशाचा चौकोन साधारण चार मीटर गुणिले चार मीटरच्या घरांत तुटतो. १७० चौरस किलोमीटरवरून सोळा चौरस मीटरवर, एक कोटीपटीहून जास्त बारीक.

तरीही डिलिव्हरीवाला फोन करतोच. ‘ताई, लोकेशनवर आलोय, पण गेट कुठलं? पिवळ्या बिल्डिंगच्या मागं का?’ हा फोन रोज लाखो घरांत येतो आणि आपण वैतागतो. वैतागायचं कारण नाही. तो शेवटच्या वीस पायऱ्यांच्या उंबरठ्यावर उभा आहे, जिथे उपग्रह संपतात.

इंटरनेटचा यात वाटा कुठला, हेही नीट सांगायला हवं, कारण जीपीएस नेटवर चालतं असा समज सर्रास आहे. रिसीव्हरला नेट लागत नाही. सह्याद्रीच्या ज्या घळीत एक काडी रेंज नाही तिथेही आकाश दिसत असेल तर तो चालतो. पण सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची यादी उपग्रहाकडून ऐकायची तर साडेबारा मिनिटं लागतात, कारण तो सेकंदाला फक्त ५० बिट एवढ्या संथपणे बोलतो. फोन लागणारी माहिती नेटवरून क्षणात घेतो, म्हणून निळा ठिपका लगेच उमटतो. आणि नेटचं खरं देणं दुसरंच आहे: अल्मरचे आकडे अनोळखी टीगपर्यंत पोचले ते नेटमुळे. उपग्रह जागा सांगतात. त्या जागी तुमच्यासाठी कुणीतरी काही ठेवलं आहे, हे माणसं एकमेकांना सांगतात.

आता त्या वीस पायऱ्या. ठिपक्यावर पोचलात की फोनचा उपयोग संपला. उंच भिंतींवर आपटून सिग्नल वाकड्या वाटेने येतो, तिथे तर तो दिशाभूलही करतो. पुण्याच्या पेठांत अरुंद बोळात उभं राहून मी पाहिलं आहे, माणूस जागेवर स्थिर आणि ठिपका भिंतीतून आरपार पलीकडच्या बोळात. मोकळ्या मैदानावर तो पाच मीटरच्या वर्तुळात आणतो आणि तिथे सोडून देतो. पाऊण गुंठ्यात नॅनोएवढ्या दहा लाख जागा आहेत. एकेका जागेला एक सेकंद दिला आणि झोप-जेवण सोडून बघत राहिलं तर साडेअकरा दिवस लागतील. मुरलेला खेळाडू पाच-दहा मिनिटांत डबी काढतो.

तो दहा लाख जागा बघतच नाही. तळाला चुंबक आहे, तेव्हा लोखंड सोडून बाकी सगळं बाद. पाऊण गुंठ्यात लोखंड असतं ते किती? एक कठडा, एक पाटी, एक बाकाचा पाय. लपवणारा माणूस होता, म्हणून त्याचा हात पोचेल तेवढीच उंची. पावसात कागद टिकायला हवा, म्हणून खालची किंवा आतली बाजू. वाटसरूला सहज दिसता कामा नये. असा एकेक विचार जमीन अर्धी करत जातो. मग नजर एखाद्या बोल्टवर थांबते, ज्याला काही जोडलेलंच नाही. गोंगाटातून ओळखीची माळ वर आली. फरक एवढाच, की रिसीव्हरला ती माळ अभियंत्यांनी शिकवली होती आणि माणसाला शिकावी लागते दुसऱ्या माणसाच्या मनाचा माग काढून. ज्याला कधी पाहिलं नाही त्याने इथे उभं राहून काय विचार केला असेल, हे ओळखायचं. मला या छंदाचं मोल तिथे वाटतं. पहिल्या ४३ पायऱ्यांना अब्जावधी डॉलर लागले, त्या आता फुकट आहेत. शेवटच्या २० विकत मिळत नाहीत.

लपवण्यातही जबाबदारी असते. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कुणाला एक संशयास्पद डबी दिसली, बॉम्बनाशक पथक आलं आणि डबी स्फोट करून उडवली गेली. ती जिओकॅश होती, या खेळातलीच डबी. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी, गर्दीच्या आणि नाजूक ठिकाणांपासून दूर, डब्यावर स्पष्ट ओळख, हे नियम कडक आहेत. आणि एक पद्धत मला फार आवडते: डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा भरून आणायचा. २००२ पासून याचे जगभर सामूहिक कार्यक्रमही होतात.

टोकाच्या जागा ऐकल्या की डोकं गरगरतं. २००२ मध्ये रिचर्ड गॅरिअट यांनी अझोर बेटांजवळ अटलांटिकच्या तळाशी, २,३०० मीटर खोल, उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशी एक कॅश ठेवली. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही, जीपीएसचा सिग्नलही नाही, आणि पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २३० पट. त्याच गॅरिअट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात दुसरी कॅश केली. चारशे किलोमीटर वर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग. तिला अक्षांश-रेखांश द्यायचे तरी कसे? आपल्या पाच मीटरच्या वर्तुळावरून ती सव्वा मिलिसेकंदात पार होते. २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्ट्राकिओ यांनी ती शोधल्याची नोंद केली. आणि नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरताना आपल्या उपकरणाच्या परीक्षण-पट्टीवर जिओकॅशिंगचा शोधसंकेत नेला: ४७ कोटी किलोमीटरचा प्रवास. तो संकेत नासाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रातून वाचून पृथ्वीवरची माणसं त्याची नोंद करतात.

मला मात्र याहून जवळचा एक आकडा जास्त थक्क करतो. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. हिमालय उंचावतो तो त्यामुळेच. जीपीएसची जाळी मात्र सगळ्या पृथ्वीची, ती एका भूखंडाबरोबर सरकत नाही. म्हणजे २००० साली दख्खनच्या एखाद्या खडकाच्या कपारीत डबा ठेवला असता, तर खडक, कपार, डबा जिथल्या तिथे असूनही आज तो आपल्या आकड्यांपासून मीटरभराहून दूर गेलेला असता. चाळीस-पन्नास वर्षांत शेवटचा अंक बदलावा लागेल. ऑस्ट्रेलिया वर्षाला सात सेंटिमीटर सरकतो, तिथे तर हे सरकारी काम झालं: १९९४ ते २०२० दरम्यानच्या सरकण्यामुळे देशभराचे अक्षांश-रेखांश १.८ मीटरने दुरुस्त करावे लागले. खिशातला फोन खंडांच्या चालण्यापर्यंत येऊन ठेपला आहे.

जागा अजून किती उरली आहे? नियम असा, की दोन डब्यांत किमान ०.१ मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर हवं. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटातल्या एका रस्त्यावर हा नियम काटेकोर पाळत हजाराहून अधिक डबे ओळीने ठेवले गेले. शोधणारे मोटारीतून उतरतात, सही करतात, पुन्हा बसतात. ते मला रुचत नाही, पण त्यावरून घनतेची कल्पना येते. षटकोनी मांडणी धरली तर एका डब्याला साडेपाच एकर लागतात. पृथ्वीच्या सगळ्या जमिनीवर सुमारे ६६० कोटी डबे मावतील. आहेत ते तीस लाखांवर थोडे. दर बावीसशे जागांमागे एक. एकट्या महाराष्ट्रात १ कोटी ३७ लाख जागा आहेत, २०११ च्या जनगणनेच्या हिशोबाने दर आठ माणसांमागे एक.

आपल्या वाट्याच्या या जागा जवळजवळ सगळ्या रिकाम्या आहेत. युरोपातल्या मध्यम शहरात चालता-चालता डबे लागतात. भारतात हा छंद विरळ आहे. इथे सुरुवात करणाऱ्याने मोठ्या गडावर जाऊ नये. संरक्षित वास्तू, देवस्थानं, रेल्वे, लष्कराची हद्द सगळी सोडून द्यावी. आपल्या गावची एखादी टेकडी, जिथे माणसांनी यावं असं मनापासून वाटतं, ती निवडावी, मालकाला विचारावं, झाकण घट्ट बसणारा डबा घ्यावा. आकडे एकदा घेऊन भागत नाही, वेगवेगळ्या दिवशी घेऊन त्यांची सरासरी काढावी, कारण उपग्रहांची मांडणी बदलते तसा ठिपका हलतो. आणि तो डबा घरापासून फार लांब ठेवू नये. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, आणि जून ते सप्टेंबर आतला कागद कोरडा आहे की नाही ते बघायला कुणाला तरी टेकडी चढावी लागणार आहे.